नुसतं बघू

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा अधिकृत पाठिंबा संपला आणि आमच्या सोसायटीत माझा भाव वधारला. तोपर्यंत 'कॉम्प्युटरमधला' म्हणून मला वायफाय गेल्यावरच हाक यायची. त्यानंतर माणसं बगलेत लॅपटॉप धरून दारात उभी राहू लागली.

कारण सरळ होतं. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा तरी लागतो. आमच्याकडचे बहुतेक लॅपटॉप पाचव्या-सहाव्या पिढीतले. यंत्राला काही झालेलं नाही, कीबोर्डवरचं पारदर्शक प्लास्टिकसुद्धा अजून कुणी काढलेलं नाही, आणि पडद्यावर निरोप काय, तर हा संगणक पात्र नाही. निकषात न बसण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही, पण तो सहसा माणसांना येतो. नावनोंदणी केली तर सुरक्षेच्या अपडेटना वर्षभराची मुदतवाढ मिळते हे कळल्यावर निम्मी गर्दी ओसरली. मुदतवाढ मिळाली की आमच्या लोकांच्या दृष्टीने तो विषय निकालात निघतो.

उरलेल्यांत चौथ्या मजल्यावरचे नाना होते. सोबत काकूही होत्या, देखरेखीला. नानांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला, त्यावर पंजा ठेवला आणि म्हणाले, "ते तुझं लिनक्स का काय ते दाखव. पण इन्स्टॉल-बिन्स्टॉल काही करायचं नाही. यातलं काही हलवू नकोस. नुसतं बघू."

नानांना कल्पना नव्हती, पण त्यांची ही अट पुरी करण्यासाठी जगातली बरीच हुशार माणसं गेली पंचवीसेक वर्षं राबताहेत. त्यांनी जे केलंय त्याला लाइव्ह लिनक्स म्हणतात. पेन ड्राइव्ह लावायचा, लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा, इंटरनेट बघायचं, पत्र लिहायचं, गाणी ऐकायची, बंद करायचं आणि पेन ड्राइव्ह खिशात टाकायचा. आतल्या हार्ड डिस्कला पत्ताही लागत नाही.

पहिली अडचण पेन ड्राइव्हचीच येते. आठ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह मराठी घरात मिळत नाही. घरात चार असतात, आणि चारांतही काहीतरी असतं. नानांनी आणला त्यात अथर्वशीर्ष होतं, नातवाच्या बारशाचे फोटो होते, 'ऑडिट रिपोर्ट फायनल', 'ऑडिट रिपोर्ट फायनल २' आणि 'ऑडिट रिपोर्ट फायनल खरा' होता, 'न्यू फोल्डर' होता आणि त्याच्या आत आणखी एक 'न्यू फोल्डर' होता. लिनक्सची आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर चढवायला मी रुफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर उघडलं. ते बिचारं कामाला लागण्यापूर्वी स्पष्ट बजावतं की यावरचं सगळं नष्ट होईल. नाना खुर्चीतून उठले.

"नष्ट?"

"पेन ड्राइव्हवरचं, नाना. लॅपटॉपवरचं नाही."

"पण शब्द काय वापरलाय बघ!"

मग तो सगळा ऐवज आधी कॉपी करून ठेवणं आलं. कुठे? नानांच्याच लॅपटॉपवर, जिथे काही हलवायचं नव्हतं. डेस्कटॉपवर 'पेन ड्राइव्ह जुना' असा एक फोल्डर वाढला. तेवढं नानांनी चालवून घेतलं. लिनक्सच्या जुन्या मंडळींकडे याच कामासाठी डीडी नावाची कमांड आहे. ती काही विचारत नाही, काही बजावत नाही. पेन ड्राइव्हच्या जागी हार्ड डिस्कचं नाव लिहून बसलात तर ती हार्ड डिस्कही तेवढ्याच निष्ठेने धुऊन काढते, म्हणून तिला थट्टेने 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात. नानांना हे मी सांगितलं नाही.

पुढचं काम म्हणजे आज हार्ड डिस्कवरून नाही, पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायचंय, हे लॅपटॉपच्या गळी उतरवणं. त्यासाठी सुरू होता होता एक ठरावीक बटण दाबावं लागतं. ते कोणतं, हे कंपनीगणिक वेगळं. डेलवर एफ १२. एचपीवर आधी एस्केप, मग एफ ९. आसूसच्या लॅपटॉपवर एस्केप. लेनोव्होवर एफ १२, शिवाय काही मॉडेलांना कडेला टाचणी जाईल एवढं एक भोक असतं आणि त्यात काहीतरी टोकदार खुपसलं की मेनू उघडतो. या सगळ्या कंपन्यांचं चार्जरच्या तोंडावर हळूहळू एकमत होत आलंय, या बटणावर मात्र व्हायची चिन्हं नाहीत. त्यातून ते दाबायची वेळ म्हणजे कंपनीचं बोधचिन्ह पडद्यावर चमकून जातं तेवढीच. म्हणून जाणकार माणूस वेळ बघत बसत नाही. तो पॉवरचं बटण दाबल्या क्षणापासून एफ १२ बडवायला घेतो.

"अरे मोडेल ते," काकू म्हणाल्या.

दोनदा विंडोजच सुरू झालं. शेवटी कडेचं भोक सापडलं, काकूंनी पदराची पिन काढून दिली आणि मेनू उघडला. एवढा वेळ स्वस्थ बसलेल्या काकूंचा या प्रकरणातला रस तिथून पुढे वाढला.

मध्येच एक गंमत झाली ती सांगायलाच हवी. विंडोज ८पासून 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही. पुढच्या वेळी झटपट उठता यावं म्हणून आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि झोपेचं सोंग घेतं. 'रीस्टार्ट' म्हटलं तर मात्र खरोखर बंद होऊन नव्याने सुरू होतं. थोडक्यात, नीट बंद करायचं असेल तर सुरू कर म्हणायचं. मला वाटलं हे नानांना समजावताना माझी दमछाक होईल, पण त्यांना ते एका दमात पटलं. नानांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत झाली. विंडोज असं सोंग घेऊन पडलेलं असलं की लिनक्स त्या डिस्कवर काही लिहायला सहसा तयार होत नाही, आतलं फक्त वाचू देतं. तेही नानांच्याच मताचं निघालं.

आणि सिक्युअर बूट. नव्या लॅपटॉपवर सही असलेलीच सिस्टिम सुरू होते, आणि ही सही मायक्रोसॉफ्टची असते. लिनक्सच्या उबुंटू, फेडोरा वगैरे मंडळींनी ती रीतसर मिळवलेली आहे. विंडोजला कंटाळून आलेला माणूस लिनक्स सुरू करतो तेही मायक्रोसॉफ्टच्या सहीने.

मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धो धो वाहायला लागल्या. मधूनमधून हिरवं 'ओके'.

"हे कोण लिहितंय?" नानांनी विचारलं.

"हॅक झालं असणार," काकू म्हणाल्या. त्यांना ते अपेक्षितच होतं असं वाटलं.

खरं तर तिथे रुक्ष खानेसुमारी चालू असते. या पेन ड्राइव्हने नानांचा लॅपटॉप जन्मात पाहिलेला नाही. म्हणून तो दर वेळी पहिल्यापासून चौकशी करतो: कीबोर्ड आहे का, आहे, टचपॅड, आहे, कॅमेरा, आहे, आवाजाचं कार्ड कोणाचं, वायफायची चिप कोणती. बहुतेक ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्याबरोबरच येत असल्यामुळे दहा वर्षांच्या लॅपटॉपशीही त्याची ओळख मिनिटभरात पटते. एखादी वायफायची चिप अडून बसते. तिचा ड्रायव्हर इंटरनेटवर असतो आणि इंटरनेटसाठी ती चिप लागते. अशा वेळी फोन केबलने जोडून त्याचं नेट वापरायचं आणि कुणाला काही बोलायचं नाही.

डेस्कटॉप उघडला. नानांनी माउस हलवून बघितला, कॅल्क्युलेटर उघडला, बारा गुणिले बारा केलं. उत्तर बरोबर आलं. "पण हे चाललंय कुठे?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

जत्रेला तमाशाचा फड येतो, तेव्हा रंगमंच, कनाती, दिवे, जनरेटर, पेट्या सगळं स्वतःच्या ट्रकमधून घेऊन येतो. गावाने द्यायचं ते नुसतं मैदान. इथे ट्रक म्हणजे पेन ड्राइव्ह आणि मैदान म्हणजे लॅपटॉपची रॅम. ट्रकमधलं सामान स्क्वॉशएफएस नावाच्या प्रकारात दाबून बांधलेलं असतं आणि त्यावर काही लिहिता येत नाही. तुम्ही जे काही कराल, फाइल लिहाल, रंग बदलाल, ते सगळं त्याच्यावरच्या एका वेगळ्या थरात, रॅममध्ये साठतं. बघणाऱ्याला दोन्ही थर एकच दिसतात. लॅपटॉप बंद केला की वरचा थर गेला. खालचा होता तसा, नवाकोरा. फड हलल्यावर मैदानात निदान खुंट्यांची भोकं राहतात, इथे तीही नाहीत.

लिनक्सचा गाभा १९९१ सालचा, हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिलेला. तो इन्स्टॉल न करता चालवायची खटपट पुढच्याच वर्षी सुरू झाली होती, पण सगळ्या जगाला हे वेड लावलं ते क्लाउस क्नॉपर या जर्मन इंजिनिअरने. २००० साली त्याने नॉपिक्स काढलं. ७०० एमबीच्या सीडीत साधारण दोन जीबीचं सामान दाबून बसवलेलं. सीडी घातली की ड्राइव्ह घरघरायचा, आणि डेस्कटॉप येता येता एका बाईचा यांत्रिक आवाज यायचा की प्रारंभाची प्रक्रिया सुरू होत आहे. रात्री स्पीकर चालू राहिला असला तर घरच्यांना त्याचा खुलासा द्यावा लागे. क्नॉपरची पत्नी दृष्टिहीन आहे. तिच्यासारख्यांना पडद्याविना संगणक वापरता यावा म्हणून त्याने नॉपिक्समध्ये बोलणारा एक मेनू घातला आणि त्याला तिचंच नाव दिलं, अ‍ॅड्रियान. बायकोचं नाव बंगल्याला देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. हे काम जरा जास्त मेहनतीचं होतं.

२००४ साली उबुंटू आली. तिच्यामागे मार्क शटलवर्थ, दक्षिण आफ्रिकेचा, दोन वर्षांपूर्वीच स्वतःच्या खर्चाने अंतराळात जाऊन आलेला. ज्याने अंतराळाचं तिकीट काढलं तो टपालखर्चाला काय भिणार? मागेल त्याला उबुंटूची सीडी फुकट आणि घरपोच मिळू लागली, आणि ही योजना २०११पर्यंत चालली. सुरुवातीच्या पाकिटात दोन सीड्या असत. एक इन्स्टॉल करायची, एक नुसती चालवून बघायची. कोणती जास्त वापरली गेली असेल याची चौकशी करण्याची मला गरज वाटत नाही. २००६च्या आवृत्तीत दोन्ही कामं एकाच सीडीत आली आणि पुढे उबुंटू सुरुवातीलाच विचारू लागली की बघायचंय की बसवायचंय. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी काउलर यांनी २००३ साली पपी लिनक्स काढली, नाव घरच्या कुत्र्यावरून. ती इतकी सुटसुटीत की अख्खी रॅममध्ये चढून बसते आणि पेन ड्राइव्ह काढून घेतला तरी चालू राहते. बंद करताना ती विचारते, आजचं काही लक्षात ठेवू का? हा प्रश्न किती मोलाचा आहे ते नानांना दुसऱ्या दिवशी कळलं.

पहिल्या दिवशी त्यांनी मोठ्या हौसेने केदारनाथच्या यात्रेचा फोटो वॉलपेपर म्हणून लावला. अक्षरं मोठी केली. मराठी कीबोर्ड निवडला. दुसऱ्या दिवशी खाली आले ते थेट तक्रार घेऊनच.

"काल केदारनाथ होता."

"गेला, नाना."

"कुठे गेला?"

"रॅममध्ये होता. बंद केलं की जातं."

"सांगून जायला काय होतं?"

केदारनाथ परत लावता आला. खरा ताप वायफायच्या पासवर्डचा. तो नातवाने ठेवलेला. त्यात एक कॅपिटल, एक अंडरस्कोअर, एक उद्गारचिन्ह आणि कुठल्याशा फुटबॉलपटूचं नाव. लाइव्ह लिनक्स तो रोज विसरतं आणि रोज नव्याने विचारतं. नाना रोज नातवाला क्लासमध्ये फोन लावायचे आणि तो दबक्या आवाजात स्पेलिंग सांगायचा. कालांतराने ते काकूंना पाठ झालं. त्या कांदा चिरता चिरता स्वयंपाकघरातून सांगू लागल्या.

घड्याळाची तऱ्हा आणखी निराळी. लॅपटॉपच्या आतलं घड्याळ विंडोजने भारतीय वेळेवर लावलेलं असतं, लाइव्ह लिनक्स तीच ग्रीनिचची वेळ समजून चालतं. त्यामुळे नेट नसेपर्यंत वेळ अगदी बरोबर दिसते. वायफाय लागलं की खरी वेळ कळते, आणि रात्रीचे साडेआठ होते तिथे दुपारचे तीन वाजतात. नाना एकदा त्यावर विसंबून चहा मागून बसले. कधी कधी लिनक्स ही वेळ आतल्या घड्याळातही लिहून ठेवतं, मग परत विंडोज सुरू केल्यावर तेही साडेपाच तास मागे. काही हलवायचं नाही म्हणून बजावलं होतं आणि हललं ते घड्याळ! नानांनी ते मनावर घेतलं. हार्ड डिस्क जागच्या जागी आहे ना, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

हाच विसराळूपणा काही लोकांना सोन्याच्या मोलाचा वाटतो. टेल्स नावाची लाइव्ह सिस्टिम आहे, तिच्या पूर्ण नावातच स्मृतिभ्रंश आहे. अमेरिकेची गुपितं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनने ती वापरली, आणि ज्यांच्यावर पाळत असते असे पत्रकार वापरतात. चालू असताना पेन ड्राइव्ह उपटला तर ती तत्क्षणी बंद होते आणि रॅमही पुसून टाकते. मी हे नानांना कौतुकाने सांगत होतो. नाना म्हणाले, "त्याच्या मागे अमेरिका लागलीय. मला थोडंसं लक्षात राहील असं कर. सगळं नको. वायफाय आणि केदारनाथ."

त्यावर उपाय आहे, त्याला पर्सिस्टन्स म्हणतात. पेन ड्राइव्हचा एक भाग आठवणींसाठी राखून ठेवायचा. मी तो राखला. आता पासवर्ड राहिला, केदारनाथ राहिला, मराठी कीबोर्ड राहिला. नाना बँकेचं पासबुक त्यावरच बघू लागले, वर्तमानपत्र त्यावरच वाचू लागले. विंडोज उघडणं जवळजवळ बंदच झालं. इतकं झाल्यावर कोणीही समंजस माणूस म्हणेल, मग आता इन्स्टॉलच करून टाका की.

डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल' नावाचं एक चिन्ह असतं. इतकं सोशिक चिन्ह मी दुसरं पाहिलेलं नाही. एकदा मी नानांकडून ते उघडवून घेतलं. भाषा विचारली, कीबोर्ड विचारला, पुढे, पुढे, आणि मग तो पडदा आला. एका पर्यायात लिहिलं होतं, डिस्क पुसून इन्स्टॉल करा. दुसऱ्यात, विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करा. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "शेजारी म्हणजे किती शेजारी?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच खिडकी बंद केली. मी आग्रह केला नाही. आमच्या सोसायटीत दुचाकींवरची ताडपत्री तात्पुरती आहे, वरच्या टाकीचा प्लास्टिकचा पाइप तात्पुरता आहे आणि सचिवही नवीन कोणी मिळेपर्यंतचे आहेत. यांपैकी एकालाही कधी धोका पोचलेला नाही. कायमस्वरूपी म्हणून बसवलेलं गेट मात्र दोनदा बदलावं लागलं.

लाइव्ह पेन ड्राइव्हचा सर्वात मोठा उपयोग बघण्यासाठी नसतोच. विंडोज मेलं की लोकांना तो आठवतो. लग्नाचे फोटो आत अडकलेले असतात आणि लॅपटॉप निळा पडदा दाखवून बसलेला असतो. अशा वेळी बाहेरून लिनक्स सुरू करायचं, आतली डिस्क उघडायची आणि फोटो काढून घ्यायचे. अलीकडे ही सोयही गेली. नव्या लॅपटॉपची डिस्क बहुतेकदा बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि तिची किल्ली आहे ४८ आकडी. ती कुठे ठेवलीत, असं मी विचारतो तेव्हा समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो, जणू ती मीच घेऊन गेलोय.

सोसायटीच्या ऑफिसातल्या लॅपटॉपची हार्ड डिस्क अशीच गेली. त्यात सुदैवाने कुलूप नव्हतं, आणि दुर्दैवाने डिस्कही उरली नव्हती. नवी येईपर्यंत म्हणून मी पर्सिस्टन्सवाला पेन ड्राइव्ह लावून दिला. खजिनदारांना त्यातलं लिबरऑफिस आवडलं. देखभाल शुल्काचे तक्ते, थकबाकीदारांची यादी, पावतीपुस्तक, सगळं त्या पेन ड्राइव्हवर गेलं. 'पेन ड्राइव्ह काढू नये' असा कागद लॅपटॉपवर चिकटवला गेला, खाली सोसायटीचा शिक्का.

झाडलोट करताना कोणाच्या तरी फडक्यात अडकून एक दिवस तो निघाला. खजिनदार तेव्हा समोर बसून थकबाकी जुळवत होते. गंमत अशी की तेवढ्याने काहीच बंद पडत नाही. जे रॅममध्ये चढलेलं असतं ते चालत राहतं. माउस हलतो, उघडा तक्ता उघडाच राहतो, आकडे भरता येतात. दुसरं काही उघडायला गेलं की मात्र ते येत नाही, कारण ते असतं पेन ड्राइव्हवर. मला फोन आला.

"सेव्ह होत नाहीये," खजिनदार म्हणाले, "पण बेरीज बरोबर येतेय."

मी पोचेपर्यंत ते खुर्चीवरून हलले नव्हते. लॅपटॉपला चार्जर लावलाय ना हे त्यांनी तीनदा तपासलं होतं आणि पडद्यावरचा एकेक आकडा बॉलपेनने वहीत उतरवून घेत होते. फ्लॅट क्रमांक ३०२पर्यंत पोचले होते.

वार्षिक सभेत विषय आला. नवी एसएसडी घ्यावी आणि लिनक्स रीतसर इन्स्टॉल करावं, असं मी सुचवलं. खर्च फार नव्हता. चर्चा मात्र बरीच झाली. एकदा इन्स्टॉल केलं की मागे येता येत नाही, असं नानांनी अनुभवी माणसाच्या आवाजात सांगितलं आणि सभेने मान डोलावली. कोणीतरी विचारलं, आत्ता चाललंय ना? चाललंय. मग? सध्याची तात्पुरती व्यवस्था पुढील वार्षिक सभेपर्यंत चालू ठेवावी, असा ठराव नानांनी मांडला, खजिनदारांनी अनुमोदन दिलं. जोडीला, पेन ड्राइव्ह काढणाऱ्यास पाचशे रुपये दंड. ठराव एकमताने मंजूर झाला.

सभा उठता उठता खजिनदारांनी एक व्यावहारिक शंका काढली. दंड वसूल करू, पण त्याची पावती कशावर द्यायची? पावतीपुस्तक त्याच पेन ड्राइव्हवर आहे.